उपयोगी

बहिणीचा मुलगा इलोइलोहून विचारतो,
मावशी, एजन्सीचा उपयोग होतो का गं?
फोन खांद्याशी दाबून मी फाइल बांधत असते.
होतो, म्हणते.
कुणाला, ते सांगत नाही.

मनिलातल्या आमच्या ऑफिसचा जिना
सकाळी सातलाच भरतो.
प्रत्येकाच्या काखेत प्लास्टिकची फाइल:
बुडताना काय करायचं याचं प्रमाणपत्र,
आग विझवता येते याचं,
दातांचं, कानांचं, छातीच्या फोटोचं.
एवढं सगळं सिद्ध करून माणूस
चौथ्या मजल्याच्या कठड्याला टेकतो
आणि मी खिडकीतून म्हणते, सोमवारी या.
सोमवार आमच्याकडे वार म्हणून वापरत नाहीत.

एखाद्याला आत घेतात.
त्याला म्हणतात युटिलिटी.
पगार नाही. दुपारचा भात मिळतो,
आणि जहाज, काय, येईलच.

रोसेन्दो असाच आत आला.
आधी फरशी पुसली,
मग कॅप्टन बुएनाफ्लोरची गाडी
(कॅप्टन बारा वर्षं खुर्चीवरच आहेत),
मग त्यांची मुलगी शाळेतून आणली,
मग त्यांच्या सासूला डायलिसिसला नेलं,
मंगळवारी आणि शुक्रवारी,
पाच मजले पाठीवर,
कारण त्या इमारतीची लिफ्ट बंद.
तिसऱ्या महिन्यात इस्त्री शिकला.
कॉलर आधी उलटीकडून, मग सुलटीकडून.
आईचं शिवणयंत्र विकून
पंप आणि बॉयलर शिकलेले हात.

खोटं कशाला बोलू,
माझाही पंखा त्यानेच दुरुस्त केला.
माझं तांदळाचं पोतं त्यानेच वर आणलं.

एकदा विचारलं, घरी का जात नाहीस रे?
म्हणाला, आते
(आमच्या बोलीत ताईला आते म्हणतात),
इथे निदान कुणीतरी विचारतं, आलास का?
गावात सगळे विचारतात, अजून गेला नाहीस?

नवव्या महिन्यात मालवाहू जहाजावर आठ जागा निघाल्या.
यादी मीच टाइप केली, त्याचं नाव पाचवं.
कॅप्टननी पेन काढलं.
हा गेला तर सासूबाईंना उचलणार कोण?
एक रेघ. सरळ, पट्टी न लावता.
रोसेन्दो तेव्हा बाहेर कॉफी ओतत होता.
चार कप, दोन बिनसाखरेचे.
चांगला ओतायचा. तेच नडलं.

त्या रात्री मी एजन्सीचा कागद घेतला,
निळा नांगर छापलेला,
आणि त्या इमारतीच्या मालकाला पत्र लिहिलं.
आमच्या संस्थेच्या निदर्शनास आले आहे की
आपली लिफ्ट गेली दोन वर्षे.
मग दुसरं पत्र. मग कायद्याची भाषा घातलेलं तिसरं.
सातव्याला शिक्का मारला, लाल,
त्या शिक्क्याचा लिफ्टशी काहीएक संबंध नव्हता.

पावसाळा उलटून गेल्यावर लिफ्ट चालू झाली.
म्हातारी एकटीच खाली उतरली,
लिपस्टिक लावून.
पुढच्या यादीत रोसेन्दो तिसरा होता
आणि कॅप्टनचं पेन खिशातच राहिलं.
मला वाटतं, त्यांच्या लक्षात आलं नाही.
किंवा आलं असेल. तेही कधीकाळी
कुणाच्या तरी जिन्यावर उभे असतीलच.

सान्तोस बंदरातून फोटो आला.
इंजिनरूम, ग्रीस, नारिंगी डगला,
आणि त्या डगल्याला
कडक इस्त्री.

तर भाच्याला काय सांगायचं?
एजन्सीत एक खिडकी असते, एक पेन असतं,
एक निळा नांगर असतो कागदावर.
त्यातलं कुठलं तुझ्या वाट्याला येईल
हे मला चौदा वर्षांत कळलेलं नाही.

मावशी, ऐकतेस ना? येऊ का मी?
ये, म्हणते.
कागद सगळे दोन प्रतींत आण.
आणि हे बघ,
काय काय येतं तुला,
ते पहिल्याच दिवशी सगळं सांगू नकोस.